दाणा की टरफल

रविवारी संध्याकाळी नासांबूच्या हॉटेलातले कप कोण विसळणार, हा आमच्या नालुसे बाजारातला सगळ्यात मोठा राजकीय प्रश्न होता. हसू नका. निवडून कोण येणार आणि रस्ता कुणाच्या शेतापर्यंत जाणार, हे आमच्या पाठीमागे कुठंतरी लांब ठरतं. कप कोण विसळणार हे मात्र सगळ्यांसमोर, मतं देऊन ठरायचं, आणि एकदा ठरलं की ते बदलायची कुणाच्या बापाची टाप नव्हती. एकदा खुद्द चर्चच्या पाळकबुवांनी कप विसळले. एकदा चौकीवरच्या हवालदारानं टोपी खुंटीला लावून, बाह्या सरसावून विसळले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात त्याला कुणी घाबरेनासं झालं.

त्याचं असं होतं. रविवारी दिवेलागणीला टीव्हीवर 'बाहुल्यांचा दरबार' लागायचा. देशातल्या बड्या लोकांच्या रबरी बाहुल्या खुर्च्यांवर बसून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. त्यातला मान्यवर तुंबो आमचा सगळ्यांचा लाडका. तुंबो म्हणजे पोट. पडद्यावर आधी त्याचं पोट यायचं, मग टाय, आणि मग सावकाशीनं तो स्वतः. कार्यक्रम संपला की नासांबू टीव्ही बंद करायची, प्रत्येकापुढे भाजलेल्या शेंगांची मूठ टाकायची आणि मधल्या टेबलावर पत्र्याचं ताट आपटायची.

"बोला! तुंबोनं एकाच दवाखान्याचं तीनदा उद्घाटन केलं. दाणा की टरफल?"

म्हणजे असं कुठं खरंच घडलंय, की बाहुलीवाल्यांनी आपल्या मनानं रचलंय? खरं वाटलं त्यानं ताटात दाणा टाकायचा, थाप वाटली त्यानं टरफल. मग वाद. वादात पुरावा लागायचा, आणि पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असावा लागायचा. चुलत्याच्या मेव्हण्यानं सांगितलं, असलं काही नासांबू चालवून घ्यायची नाही. दवाखान्यातली नर्स सेलीना सांगायची की औषधांची खोकी गोदामात कशी अडकतात. मटाटूचा, म्हणजे वडाप गाडीचा, ड्रायव्हर किझिटो सांगायचा की कुठल्या पुलाला फीत लागली आणि खाली नदीच नाही. ज्या बाजूचं चुकलं, त्या बाजूचा सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस कप विसळायला बसायचा. लोक यायचे हसायला आणि घरी जायचे ते सरकारी पैसा कुठून निघतो, कुठं मुरतो, हे शिकून. वर शेंगा फुकट.

इतक्या वर्षांत नासांबूनं स्वतः एकदाही कप विसळला नव्हता. ती म्हणायची, "मला माणूस कळतो." खरी गोष्ट वेगळी होती. ती मत सगळ्यांच्या शेवटी द्यायची. सगळ्यांचे पुरावे ऐकून, चहाला उकळी आली का बघून, मग शांतपणे यायची आणि जिंकणाऱ्या बाजूला आपली शेंग फोडायची. हे सगळ्यांना दिसत होतं, पण तिला तोंडावर सांगणार कोण? तिचं तोंड सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

ते तोंड लहानपणापासूनच तसं. नासांबू मसाबा डोंगराच्या उतारावरची. आमच्याकडे एक वर्षाआड मुलांना मोठं करायचा विधी होतो, तेव्हा घुंगरं बांधलेली मुलं नातेवाइकांकडे आमंत्रणं देत पळत निघतात आणि मागून सगळा गाव गात सुटतो. त्या गाण्यात कुणाचीही लाज काढायची मुभा असते. चिक्कू मामा असो, पळालेली बायको असो, गावचा मुखिया असो. बारा-तेरा वर्षांची नासांबू कडव्याला कडवं जोडत पळायची. दुष्काळाचा मका ज्या मुखियानं घरात भरला होता, त्याच्यावर तिनं असं काही कडवं रचलं की तो पुढं वर्षभर मागच्या वाटेनं ये-जा करत राहिला. बापानं तिला छडीनं फोडून काढली, आणि मारता मारता त्यालाच कडवं आठवून हसू फुटलं. त्यामुळे टीव्हीवर बाहुल्या आल्या तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं, नासांबूला नाही. ती म्हणाली, "हे तर आमचंच. फक्त घुंगरं विसरले."

टीव्ही तिच्या नवऱ्यानं, सिकुकूनं, फुटबॉलसाठी बैल विकून आणला होता. सिकुकू तापानं गेला. दफनानंतर तिसऱ्या दिवशी घराण्यातली माणसं डोकी भादरून वाटणीच्या बैठकीला बसली, तेव्हा त्याचा थोरला भाऊ खाएम्बा कोट घालून उभा राहिला. म्हणाला, टीव्ही थोरल्याच्या घरी शोभतो, बाईमाणसाला बातम्यांशी काय करायचंय?

नासांबू नुकतंच भादरलेलं डोकं घेऊन बसली होती. ती म्हणाली, "न्या ना भावजी. पण सिकुकूचं गाढवही न्या बरोबर. दोघं शेजारी बसून बातम्या बघा."

दुःखाच्या बैठकीत माणसं हसली. खाएम्बानं ते हसू कधी पोटात घातलं नाही. त्यानं स्वतःचा टीव्ही घेतला आणि त्यावर सातच्या बातम्यांशिवाय काही बघायचं नाही असं ठरवून टाकलं. आयुष्यभर त्यानं नैरोबीची बस चालवली होती. आता पेन्शनीत तो बाजार समितीचा अध्यक्ष होता. बातम्यांना बसताना कोट घालायचा. रविवारी मात्र हटकून नासांबूच्या हॉटेलात यायचा, कारण तसला चहा दुसरीकडे मिळत नव्हता. बसायचा बाहेरच्या बाकावर, दाराकडे पाठ करून. पाठ बाहुल्यांकडे, कान कुणीकडे ते देव जाणे.

"शहाणी माणसं बातम्या बघतात," तो बाहेरूनच म्हणायचा. "बाहुल्या पोरांसाठी असतात."

"तुमच्या बातम्यांत मंत्री फीत कापतो, भावजी," नासांबू आतून ओरडायची. "कात्री कुणाच्या मेव्हण्याच्या दुकानातली, ते आमच्याकडे कळतं. साखर आणखी घालू?"

"घाल."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग एका सोमवारी खाएम्बा बातम्या संपल्या संपल्या कोटासकट हॉटेलात आला, आणि त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर मोठेपणा नव्हता. नालुसे बाजार हलणार होता. बातम्यांत नकाशा दाखवला. नदीपलीकडे हमरस्त्याला लागून नवं मार्केट, सिमेंटचे ओटे, प्रत्येक ओट्याला नंबर.

"आणि इथलं?" नासांबूनं विचारलं.

"इथं काही नाही. मोकळं मैदान. सरकारनं ठरवलंय, नासांबू. बातमीत आलं म्हणजे झालं."

नासांबूचं हॉटेल मटाटूंच्या थांब्यावर होतं. नदीपलीकडे मटाटू थांबत नव्हते. तिच्या गुडघ्यांना तेवढी चाल झेपत नव्हती. हॉटेल गेलं तर एकच वाट उरत होती, नैरोबीला मुलाच्या एका खोलीत जाऊन राहायचं आणि सुनेला विचारून चहात साखर घालायची. सून वाईट नव्हती. पण नासांबूला कुणाला विचारायची सवयच नव्हती. त्या आठवड्यात ती कुणावर ओरडली नाही. दोनदा दूध उतू गेलं. तिला ओळखणाऱ्यांना कळलं की बाई घाबरली आहे, चांगलीच घाबरली आहे.

आणि नेमका त्या रविवारी दरबारात मान्यवर तुंबो बाजार हलवायला निघाला, तोही आपल्या सासऱ्याच्या जमिनीवर.

"कायदा म्हणतो, लोकांना विचारा," बाहुली सचिव म्हणाली.

"विचारू की!" तुंबो म्हणाला. "पण लांब विचारू. आणि बाजाराच्या दिवशी विचारू, म्हणजे बाजारवाले येणार नाहीत."

मग बाहुल्यांची सभा भरली. भाड्यानं आणलेली माणसं टाळ्या वाजवत होती. प्रार्थना लांबली, पाहुण्यांची ओळख लांबली, भाषण तर संपेचना. पत्रे तापले, बाहुल्यांच्या रबरी कपाळांवर घाम आला, आणि मग तुंबोनं लाडीगोडीनं विचारलं, "उकडतंय ना मंडळी? गार सोडा आलाय. कुणाकुणाला हवा, हात वर करा!" सगळे हात वर. लखकन फोटो निघाला. "एकमतानं मंजूर!" तुंबो ओरडला आणि पोट हलवत नाचला.

हॉटेल हसून हसून खाली पडायच्या बेताला आलं. नासांबू एकटी हसली नाही. तिनं टीव्ही बंद केला, आणि शेंगा वाटून होताच, सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या मुठीतली शेंग फोडून टरफल ताटात आपटलं.

"टरफल! असा निलाजरेपणा कुणी करत नाही. आणि आम्हा बाजारच्या बायकांना काय समजतात हे? सोड्याच्या बाटलीसाठी हात वर करू आम्ही? बाहुलीवाल्यांचं डोकं फिरलंय!"

आजवर पहिलं मत तिनं कधी दिलं नव्हतं. लोक जरा दबकले. सेलीना म्हणाली, "मायी, कायदा तर खरा आहे. दवाखान्याची जागा बदलायची होती तेव्हा गावाला विचारावं लागलं होतं. गावानं नाही म्हटलं आणि जागा बदलली नाही."

"कायदा असेल. सोडा नाही."

तेव्हा किझिटो उठला. एरवी हा माणूस उठला की खुर्ची पाडायचा. आज हळूच उठला आणि एक दाणा ताटात ठेवला, टाकला नाही.

"मायी, माझा दाणा."

"का रे?"

"गुरुवारी माझी गाडी भाड्यानं घेतलीय. उसाच्या वस्तीवरून माणसं भरायची आणि शेतकी शाळेच्या सभागृहात सोडायची. कशाला, ते मला सांगितलं नाही. माणसांना एवढंच सांगितलंय की विचारलं तर नालुसे बाजारचे व्यापारी म्हणायचं, आणि टाळ्या वाजवायच्या. माणशी दोनशे शिलिंग." तो थांबला. "आणि मला म्हणाले, टपावर सोड्याची खोकी बांध. बर्फासकट."

मग बाहेरच्या बाकावरून, दाराकडे पाठ तशीच ठेवून, खाएम्बाचा आवाज आला.

"गुरुवारी? गुरुवारी तर बाजार असतो."

"म्हणूनच गुरुवार, भावजी."

"पण बातमीत तर ठरलं म्हणाले."

"ठरलंच असतं तर टाळ्या वाजवायला भाड्याची माणसं कशाला आणली असती त्यांनी?" नासांबूचा आवाज चढला, आणि आठवडाभरानं चढलेला तो आवाज ऐकून लोकांना बरं वाटलं. "तुमच्या बातमीत काय ठरलं ते सांगितलं. कसं ठरवतात, ते कोण सांगणार? ती बाहुली सांगतेय!"

खाएम्बा उठला. त्याला बाजाराचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा घाव दुसरीकडे बसला होता. "अध्यक्ष मी आहे," तो म्हणाला. "माझ्या बाजाराची सभा आणि मला आमंत्रण नाही?" त्यानं हॅट डोक्यावर दाबली. "किती माणसं न्यायची आहेत ते सांग. माणसं कशी न्यायची ते मला शिकवू नका. तेवढं मी जन्मभर केलंय."

पाळकबुवांनी घसा साफ केला. "मायी, ते कपांचं? तुझं टरफल होतं ना? चुकलं म्हणायचं का?"

"सभा खरी असेल," नासांबू म्हणाली. "सोडा विचारणार नाहीत. आणि विचारलाच तर हात वर जाणार नाहीत. गुरुवार होऊ द्या, मग कपांचं बघू."

अडचण एकच होती. गुरुवारचा बाजार बुडवणं कुणाला परवडणारं नव्हतं. ती अडचण केळीवाल्या बायकांनी सोडवली. बाजार बुडवायचा कशाला, बरोबरच न्यायचा.

गुरुवारी सकाळी खाएम्बानं जमवलेले ऊस वाहायचे ट्रॅक्टर रांगेनं उभे राहिले. ट्रॉल्यांत केळीचे घड चढले, पाय बांधलेल्या कोंबड्या चढल्या, सुक्या मासळीची पोती, मडकी, जुन्या कपड्यांचे गठ्ठे, रताळी आणि नासांबूची चहाची मोठी किटलीही चढली. पुढच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या शेजारी खाएम्बा, कोट घालून. प्रत्येक वळणाला तो बसमधल्यासारखा मागं बघून ओरडायचा, "धरून बसा!" नासांबू केळीवर बसून ओरडून सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "आत गेल्यावर हात मांडीखाली. माशी बसली तरी काढायचा नाही. तहान लागली तर थुंकी गिळा."

शेतकी शाळेच्या हिरवळीवर त्यांनी बाजार मांडला. राखण म्हणून थोड्या जणी बाहेर राहिल्या, बाकी सगळे सभागृहात घुसले. पुढच्या रांगांत किझिटोनं आणलेली भाड्याची मंडळी आधीच बसली होती. मंचावर गॉगल लावलेले सरकारी साहेब, शेजारी फोटोवाला, आणि कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली सोड्याची खोकी. बर्फाचं पाणी ठिबकत होतं. ते ठिबकणं नासांबूला दिसलं. बाहुलीवाल्यांचं डोकं फिरलं नव्हतं. असली माणसं खरोखर होती, आणि त्यांनी तिला आणि तिच्या बायांना एका बाटलीच्या किमतीचं धरलं होतं. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

प्रार्थना लांबली. "आता पाहुण्यांची ओळख," मागून केळीवाली पुटपुटली. पाहुण्यांची ओळख सुरू झाली. रांगेत खुसखुस पसरली. "आता विकास," दुसरी म्हणाली. साहेब उठले आणि म्हणाले, "विकास म्हणजे काय, मित्रहो?" खुसखुस मोठी झाली. बाहुल्या पाहिलेल्या माणसांना सगळं पुढचं पाठ होतं. साहेब म्हणाले, "आम्ही इथं बोलायला नाही," आणि अर्ध्या सभागृहानं एका सुरात पुढचं पूर्ण केलं, "ऐकायला आलोय!" साहेबांना वाटलं आपलं भाषण रंगलं. ते सुखावले आणि आणखी बोलले.

पत्रे तापले. आत एवढी माणसं, खिडक्या दोन, पाण्याचा थेंब नाही. पोरं घेऊन आलेल्या बायका पदरानं वारा घेत होत्या. नासांबूची जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी साहेबांनी रुमालानं कपाळ टिपलं, फोटोवाल्याकडे बघितलं आणि लाडीगोडीनं विचारलं, "उकडतंय ना मंडळी? गार सोडा आलाय. कुणाकुणाला हवा, हात वर करा बघू!"

कुणी हललं नाही.

साहेब हसून पुन्हा म्हणाले, "अहो, लाजता काय? लाल आहे, काळा आहे. हात वर!"

सगळ्यांचे हात मांडीखाली. नालुशाचे तर होतेच. पण नासांबूनं मान उंचावून पाहिलं तर पुढच्या रांगांतल्या भाड्याच्या माणसांचे हातही मांडीखाली होते. मग पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा उजवा हात सावकाश वर निघाला. सगळ्या सभागृहाच्या तोंडून "अंऽऽ" असा आवाज निघाला. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. हात खांद्याशी आला, कानाशी आला, तिथं थांबला. म्हाताऱ्यानं कान खाजवला आणि हात पुन्हा मांडीखाली घातला.

"आजोबा, तुम्हाला सोडा हवा ना?" साहेबांनी घाईनं विचारलं.

"हवाय की," म्हातारा म्हणाला. "सकाळपासून घसा कोरडा पडलाय. पण बाटली इथं मांडीवर आणून ठेवा, साहेब. हात काही वर यायचा नाही. रविवारी टीव्ही मीही बघतो."

मग जे हसू फुटलं ते आवरलं नाही. पुढच्या रांगा, मागच्या रांगा, दारातले, खिडक्यांतून डोकावणारे, सगळे हसत सुटले. भाड्याची माणसं खुर्च्यांवरून घसरली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला, तोंड फिरवून हसला, मग पुन्हा कॅमेरा उचलून हात मांडीखाली घातलेल्या त्या सगळ्या सभेचा फोटो काढला.

साहेबांनी गॉगल काढला. "तुम्ही कोण लोक आहात? आज तर नालुशाचा बाजार असतो!"

"बाजार बाहेर हिरवळीवर भरलाय," नासांबू उभी राहून म्हणाली. "या की, केळी स्वस्त लावून देते." आणि तिला पुढं काय झालं ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. गुडघे विसरून ती मधल्या वाटेत आली, टाळी दिली आणि मसाबाच्या उतारावर गायची तसं गाऊ लागली.

"बर्फ वितळला, साहेब, बर्फ वितळला! बाजार मात्र जागेवर बसला!"

"बाजार मात्र जागेवर बसला!" सभागृहानं धरलं.

"कुणाची जमीन, कुणाचा सासरा, ते सांगा आधी, मग सोडा विसरा!"

पाय आपटून आपटून धूळ उडाली. साहेबांनी हात वर केले, सभा शांत करायला. सगळ्या सभेत तेवढेच दोन हात वर गेले, आणि ते दिसताच लोक पुन्हा हसले. शेवटी खाएम्बा मंचावर चढला, कोटाची बटणं लावली आणि नैरोबीचा थांबा पुकारावा तसा म्हणाला, "नालुसे बाजाराचा अध्यक्ष मी. बाजार म्हणतो, नाही. लिहून घ्या."

साहेबांना लिहून घ्यावं लागलं. एवढ्या साक्षीदारांसमोर दुसरं काही लिहायला जागाच नव्हती.

परत येताना किझिटोला भाडं कुणी दिलं नाही, म्हणून त्यानं भाड्यापोटी सोड्याची खोकी उचलली आणि वाटेत ट्रॅक्टरवर वाटली. नालुसे बाजार संध्याकाळच्या उन्हात ट्रॉल्यांत उभा राहून, एका हातात लाल आणि एका हातात काळा सोडा घेऊन, दोन्ही हात वर करून गात गावात शिरला.

पुढची सभा नालुशातच घ्यावी लागली, बिनबाजाराच्या दिवशी. तिथंही बाजार नाहीच म्हणाला. नवं मार्केट बारगळलं. ज्या दिवशी ते जाहीर झालं, त्या दिवशी सातच्या बातम्यांत तो फोटो दाखवला. सगळे हात मांडीखाली, आणि मधोमध खाएम्बाची हॅट. खाएम्बानं तो घरी एकट्यानं पाहिला. नंतर म्हणे शेजाऱ्याला बोलावून विचारलं, "ती हॅट माझीच ना रे?"

त्यानंतरच्या रविवारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. दरबार झाला, टीव्ही बंद झाला, शेंगा वाटल्या. तो जुना प्रश्न कुणी काढेना. नासांबू जिंकून आली होती, तिला कपांचं कोण विचारणार? ती स्वतःच उठून म्हणाली, "माझं टरफल खरं ठरलं. हात वर गेले का? नाही गेले."

"पण मायी, त्यांनी विचारलं तर खरं," किझिटो म्हणाला. "सोडा विचारणार नाहीत असं तू म्हणाली होतीस. दाणा माझा."

"हात वर गेले नाहीत!"

"विचारलं होतं!"

हॉटेलात दोन तट पडले. टेबलं बडवली जाऊ लागली. पाळकबुवा टरफलाच्या बाजूचे, सेलीना दाण्याच्या. तेव्हा बाहेरच्या बाकाचा करकर आवाज झाला. खाएम्बा उठला होता. त्यानं बाक उचलला, दारातून आत आणला, भिंतीला लावला आणि त्यावर टीव्हीकडे तोंड करून बसला.

"खटला काय होता?" तो म्हणाला. "बाहुलीवाल्यांनी रचलं की खरंच कुणी असं करतं? असं करतं. मी मंचासमोर होतो, माझ्या कानांनी ऐकलं. बाहुलीचा शब्द न् शब्द. तेव्हा दाणा." त्यानं एक शेंग फोडली, दाणा ताटात टाकला आणि टरफल खिशात ठेवलं. "हात वर गेले नाहीत, ते तुझ्यामुळे. सगळ्या बाजाराला माहीत आहे, सिकुकूलाही कळलं असेल. पण त्यानं काही टरफल खरं होत नाही."

नासांबूला हसू फुटलं. तिनं बाह्या वर केल्या. कपांची परात पुढ्यात ओढली.

"मायी, राहू दे," सेलीना म्हणाली. "आज तरी राहू दे."

"काय म्हणून राहू दे?" खाएम्बा बाकावरून ओरडला. "हवालदारानं विसळले, पाळकबुवांनी विसळले. चल नासांबू. हात वर नाहीत ना करायचे? मग खाली घाल. पाण्यात."

नासांबूनं हात पाण्यात घातले आणि पहिला कप विसळला. खाएम्बा मान पुढं काढून बारीक नजरेनं बघत होता. "कानाजवळ साबण राहिलाय," तो म्हणाला. तिनं तो कप पुन्हा विसळला.